वरातीतून अंधारकोठडीत

मी एक कीबोर्ड बोलतोय. बोलतोय खरा, पण कुठल्या आवाजात बोलावं हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. माझ्या पोटात शंभर आवाज आहेत. एक नंबर दाबला की मी पियानो होतो, दुसरा दाबला की सनई, तिसरा दाबला की बासरी. माणसाला त्याचा आवाज विचारला तर तो खाकरून दाखवू शकतो, मला तशी सोय नाही. तेव्हा सांगताना थोडं इकडचं तिकडं झालं तर सांभाळून घ्या.

जन्माबद्दलही असाच घोळ आहे. माझ्या खोक्यावर एका देशाचं नाव होतं आणि पाठीवरच्या चिठ्ठीवर दुसऱ्याच. स्पष्ट आठवतं ते पुण्यातल्या एका वाद्यांच्या दुकानातलं काचेचं कपाट, आणि एके दिवशी काचेला नाक लावून आत बघणारा जाड मिशांचा माणूस. ते बजरंगभाऊ. त्यांनी मला बाहेर काढायला लावलं, लग्नातली एक धून वाजवली आणि दुकानदाराला म्हणाले, "बांधा." त्याच दिवशी मी लोकलमधून मळवलीला उतरलो आणि विसापूर किल्ल्याच्या पायथ्याला, त्यांच्या घरी आलो.

बजरंगभाऊंची बँजो पार्टी होती. श्रीपतीभाऊ बँजो वाजवायचे, चौघे ढोल-ताशावर, आणि टेम्पोच्या हौद्यात मधोमध मी. लग्नाची वरात, हळद, गावची जत्रा, शिवजयंती, चौदा एप्रिल, मावळात काहीही असलं तरी आमचा टेम्पो हजर. ते दिवस फार सोपे होते. काय वाजवायचं ते ठरलेलं, कुठं वेग वाढवायचा ते ठरलेलं. रुमाल दातात धरून नागीण होणारे मामा मी इतके पाहिले की पुढं पुढं मला ते सगळे एकच वाटायला लागले. माणसं एक गाणं झालं की दमलो म्हणतात, आणि मग "हे शेवटचं" असं पाच वेळा म्हणतात, एवढं एक माझ्या लक्षात आलं होतं.

मग डीजे आला. घराएवढे उंच खोके ट्रॅक्टरवर चढले आणि आमच्याकडं कोणी बघेना. पार्टी मोडली. भाऊंच्या बायकोनं, नंदाबाईंनी, मला आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं. तिथं किती वर्षं गेली ते मला सांगता येणार नाही. उंदरांनी माझी वायर कुरतडली, पावसाळ्याची ओल आत शिरली, आणि माझ्या पोटात एक घरघर बसली ती बसलीच.

माळ्यावरूनच मी भाऊंची पडझड ऐकली. दोन वर्षांपूर्वी भर आवणीत, चिखलात रोप लावता लावता ते आडवे झाले. तळेगावच्या दवाखान्यातून परत आले तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय गेलेले होते. बोलणंही दोन-चार शब्दांवर आलं. नंदाबाईंनी शेत, म्हैस आणि नवरा असं तिन्ही अंगावर घेतलं. त्यांना भाऊंजवळ बसून रडताना मी कधी ऐकलं नाही. रडायच्या त्या गोठ्यात, आणि गोठा माझ्या माळ्याला लागून होता म्हणून मला ते कळलं.

त्यांची एकुलती मुलगी सारिका. ती लोणावळ्यात भुशीच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर काम करते. शनिवार-रविवार तिथं धरणावर भिजायला आलेली माणसं आणि त्यांच्या ओल्या चपला. तिला सुट्टी मिळते ती मंगळवारी. अशाच एका मंगळवारी तिनं मला माळ्यावरून काढलं, ओल्या फडक्यानं पुसलं, नवी वायर लावली आणि भाऊंच्या खाटेजवळ नेलं. मला वाटलं होतं, धनी मला बघून हसेल. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. काय चुकलं ते मला समजेना. सारिकानं मला उचलून पडवीत आणलं, आणि तेव्हापासून मी पडवीत.

आता खरा गोंधळ सांगतो. ही मुलगी मला वाजवायला बसली आणि मी सवयीनं वरातीच्या तयारीत राहिलो. तिनं खालची एक पट्टी दाबली आणि दाबूनच ठेवली. मी वाट बघतोय, आता सोडेल, मग सोडेल. ती सोडेचना. बऱ्याच वेळानं तिनं वरती दोन सूर लावले, तेही एवढे सावकाश की मधल्या वेळात एखादा नवरदेव घोड्यावरून उतरून बोहल्यावर चढला असता. ताल नाही, गाणारा कोणी नाही, नाचणारा तर नाहीच. मी म्हटलं, शिकत असेल बिचारी. पण ती दर मंगळवारी तेच करत राहिली.

हळूहळू तिच्या बोलण्यातून थोडं थोडं हाती लागलं. लोकलमधून जाता-येता तिला मोबाइलवर हे संगीत सापडलं होतं. थंड देशांतली कोणी कोणी पोरं-पोरी म्हणे एकेकटी खोलीत बसतात, माझ्यासारखाच जुना, साधा कीबोर्ड घेतात आणि जुन्या काळातल्या किल्ल्यांचं संगीत करतात. लोखंडी दरवाजे, मशाली, तळघरातली अंधारकोठडी, परत न आलेला राजा, त्याची वाट बघणारा पहारेकरी. मग ते कॅसेटवर भरतात, तेही मुद्दाम खरखरत्या. वरती चित्र असतं काळ्या शाईचं, धुक्यातल्या बुरुजाचं.

मला यातलं काडीचंही कळलं नाही. किल्ला तर आमच्या डोक्यावर उभा आहे. त्यावर म्हशी चरतात आणि पावसाळ्यात पुण्याची मंडळी भिजत चढून मक्याचं कणीस मागतात. त्यात रडण्यासारखं काय? आणि राजा आलाच नाही तर वाजवायचं कशाला? आमच्या वेळी नवरदेव आला की वाजवायचो.

पण सारिका सुट्टीच्या दिवशी एकटीच विसापूरवर जायची. दगडी टाक्यात थेंब पडतो तो आवाज मोबाइलमध्ये भरून आणायची, तटावरचा वारा आणायची, आणि माझ्या सुरांखाली अंथरायची. माझ्या पोटातली ती घरघर श्रीपतीभाऊ सहज नीट करून देणार होते. तिनं त्यांना हात लावू दिला नाही. म्हणाली, "काका, तीच तर पाहिजे मला." श्रीपतीभाऊंनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं बघितलं. आम्ही दोघंही जुन्या वळणाची माणसं, आम्हाला काही उमगलं नाही.

आणखी एक गोष्ट तिनं केली. माझ्या बावन्न नंबरला एक आवाज आहे, पुष्कळ माणसं मिळून दुरून "आ" करतात तसा. बजरंगभाऊंनी तो कधी लावला नव्हता. सारिकानं तोच धरला. पहिल्यांदा तो माझ्यातून निघाला तेव्हा मीच दचकलो, हे कोण ओरडतंय म्हणून.

नंदाबाईंना हे वाजवणं आवडायचं नाही. त्या भांडी जरा जोरात ठेवायच्या. आजारी माणसाच्या घरात असले सूर नकोत, एवढं एकदा त्या सारिकाला म्हणाल्या होत्या. सारिकाही तशीच एक कॅसेट भरत होती, तिची एक बाजू पुरी करण्यापुरती मुदत तिनं मागून घेतली.

गेल्या श्रावणातला मंगळवार. सोमवारपासून भाऊंना ताप होता आणि डॉक्टर दोनदा घरी येऊन गेले होते. डॉक्टर एकदा आला तर गाव विचारतं, दोनदा आला तर गाव न विचारताच समजून जातं. मंगळवारी ताप उतरला आणि औषधानं भाऊ आतल्या खाटेवर गाढ झोपले. माश्या लागतात म्हणून डोक्यावरून चादर ओढलेली. नंदाबाई भातातलं तण काढायला वरच्या खाचरात गेल्या. धुकं इतकं उतरलं होतं की अंगणातला आंबा दिसत नव्हता.

सारिकानं पार्टीचा जुना स्पीकर मला जोडला. आवाज समोरच्या डोंगराला लागून परत येतो तो तिला भरून घ्यायचा होता. त्या तुकड्याचं नाव तिनं 'अंधारकोठडी' ठेवलं होतं. खाली माझा घरघरता जाड सूर, वर बावन्न नंबर. एकदा मध्येच कुत्रं भुंकलं, एकदा तिचंच बोट चुकलं, म्हणून ती तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहिली. सकाळी दहाला बसली ती बाराला तिथंच. डोळे मिटलेले, पाठ दाराकडं.

ती बसल्यावर तासाभरानंच धुक्यातून माणसं यायला लागली होती. आधी दोघं-तिघं, मग दहा-बारा. अंगणात गुपचूप उकिडवी बसली. कोणी डोक्यावर टॉवेल घेतलेला, कोणाची मान खाली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. इतक्या वर्षांनी माझ्यापुढं बैठक भरली होती, आणि तीही न नाचता ऐकणारी. शेजारच्या भागूबाई पडवीच्या कडेनं आत डोकावल्या, तोंडाला पदर लावला आणि परत गेल्या. मी म्हटलं, म्हातारीला सूर लागलेला दिसतोय. दोघं जण खांद्यावर हिरवे बांबू घेऊन आले आणि भिंतीला टेकवून ठेवले. मांडव घालणार असतील असं मला वाटलं. कोणीतरी हळूच म्हणालं, "पोरीला वाजवू द्या. बापाचाच बाजा हाय त्यो."

भागूबाई परत आल्या त्या डोक्यावर टोपली घेऊन. वर स्वच्छ फडकं, खाली भाकऱ्या आणि पिठल्याचं पातेलं. आमच्याकडं ज्या घरात माणूस जातं त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारीपाजारी पिठलं-भाकरी आणून देतात. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही टोपली बघून माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. आमच्याच घराबद्दल असं काही असेल हे मनात कसं यावं?

उजेड पडला तो नंदाबाई आल्या तेव्हा. त्यांना बोलवायला कोणी गेलं नव्हतं, जायला कोणाचा पाय उचलत नव्हता. खाचरात त्यांनी स्वतःच ते सूर ऐकले, आणि धुक्यातून माणसं आपल्या घराकडं वळताना बघितली. त्या गुडघाभर चिखलानं माखलेल्या होत्या, एका पायात चप्पल नव्हती. कपाळावरचं कुंकू पार भुवईपर्यंत पसरलेलं. घामानं की पदरानं, मला सांगता यायचं नाही. त्या कोणाकडं न बघता माझ्यावरून वाकून आत गेल्या. माझ्या पट्ट्यांवर चिखलाचे थेंब पडले. सारिकानं डोळे उघडले आणि अंगणात बघितलं. तिचे हात पट्ट्यांवरच राहिले, त्यामुळं तो "आ" काही थांबेना.

तेवढ्यात भाऊंची बहीण विठाबाई अंगणात पोचली. तिला बेगडेवाडीला फोन गेला होता आणि ती मिळेल त्या लोकलनं निघाली होती. ती फाटकापासूनच गळा काढत आली, "माझ्या भावा रंऽ, मला न सांगता कसा रं गेलास," आणि तशीच आत शिरली.

आत भाऊ जागे होऊन बसले होते. बायको चिखलानं माखलेली पायाशी बसलेली, बहीण दारात छाती पिटणारी, खिडकीत बारा तोंडं. त्यांनी सगळ्यांकडं आळीपाळीनं पाहिलं. जड जिभेनं त्यांनी बहिणीला विचारलं, "कोन गेलं गं, इठे?"

मग काय झालं ते मला नीट लावता येत नाही. विठाबाई रडता रडता हसली की हसता हसता रडली, कोण जाणे. बांबूवाले आपले बांबू घेऊन आंब्यामागं गेले. भागूबाईंची तर फारच पंचाईत झाली. मयताच्या घरी नेलेली भाकरी घरी परत नेता येत नाही आणि जित्या माणसाच्या घरात ठेवता येत नाही. त्या टोपली धरून उंबऱ्यावर ना आत ना बाहेर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, आता बजरंगाला काही होत नाही. भाऊंनी डावा हात पुढं केला. त्यांना भूक लागली होती. दोन दिवसांत त्यांनी काही खाल्लं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या मयताचं पिठलं दीड भाकरीबरोबर खाल्लं आणि सगळं गाव ते बघत बसलं.

माणसं गेल्यावर नंदाबाई पडवीत आल्या. मला वाटलं, आता आपटतात मला. त्यांनी आवाज चढवला नाही, त्यामुळं मला जास्तच भीती वाटली.

"बांधावरनं घरापतूर येताना मी कुकू पुसूनच आले," त्या सारिकाला म्हणाल्या. "माज्या हातानं पुसलं. ही पेटी उद्या घरात दिसाया नको."

सारिकानं वाद घातला नाही. तिनं स्पीकरची वायर काढली, गुंडाळली आणि रडत बसली. कॅसेट अर्धीच राहिली होती. मला विचाराल तर मला त्या दिवशी माझीच लाज वाटली. एवढ्या वराती केल्या, एवढी माणसं नाचवली, आणि शेवटी एका बाईला तिच्या दारापर्यंत मी असं पळवलं. पण मी तरी काय करू? जी पट्टी दाबतात ती वाजते.

दुसऱ्या दिवशी श्रीपतीभाऊ मला न्यायला आले. भजनी मंडळाला द्यायचं ठरलं होतं. सारिकानं हॉटेलात रजा टाकली होती. श्रीपतीभाऊंच्या हातात गोणपाटाची पिशवी होती, पण त्यांना मला तसंच न्यायला बरं वाटेना. जाण्याआधी जुन्या धन्याचा हात लागावा म्हणून त्यांनी मला भाऊंच्या खाटेवर ठेवलं. गंमत म्हणून आमची वरातीतली धून चार ओळी वाजवली. भाऊंनी तोंड भिंतीकडं केलं.

आणि इतक्या दिवसांनी ते मला कळलं. ती धून उजव्या हाताची होती. पळणारी, उड्या मारणारी. भाऊंना मी नको झालो नव्हतो. माझ्यावर आता आपलं काहीच चालत नाही, हे त्यांना सोसत नव्हतं.

सारिकालाही तेव्हाच कळलं असावं. ती खाटेच्या कडेला बसली, तिनं बावन्न नंबर लावला आणि बापाचा डावा हात उचलून माझ्या खालच्या एका पट्टीवर ठेवला.

"बाबा, एवढीच धरायची. काही करायचं नाही. नुसती धरून ठेवायची," ती म्हणाली. "वरचं मी बघते."

भाऊंनी पट्टी दाबली. दाबली आणि धरून ठेवली. सारिका वरती वाजवायला लागली, तेच तिचं कूर्मगतीचं वाजवणं. पहिल्यांदा मला त्या संथपणाचा उपयोग दिसला. त्या वेगात आजारी माणसाच्या एकट्या डाव्या हाताला वेळ पुरत होता. तिनं वरचा सूर बदलला, आणि कोणी न सांगता भाऊंचं बोट सरकत सरकत शेजारच्या पट्टीवर गेलं. अगदी बरोबर पट्टीवर. वीस वर्षं वाजवलेला माणूस तो, कुठं जायचं ते हाताला ठाऊक होतं. आता तोंड भिंतीकडं नव्हतं. तोंड माझ्याकडं होतं, आणि मिशीतून लाळ गळत होती ती पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

मी आनंदानं वाजत होतो की दुःखानं, ते अजून ठरत नाही. आवाज तर तोच होता, ज्याला गावानं मयताचा समजलं तो.

नंदाबाई चहा घेऊन आल्या होत्या. कप हातात धरून त्या चौकटीत उभ्या राहिल्या. तुकडा संपेपर्यंत चहा पार निवला. मग त्यांनी तो तसाच श्रीपतीभाऊंच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "भाऊ, पिशवी रिकामीच न्या."

याला आता चार-पाच महिने झाले. मी खाटेशेजारीच असतो, एका लाकडी पेटीवर. दर मंगळवारी बाप-लेक बसतात. कॅसेटची पहिली बाजू भरून झाली, दुसरी निम्म्यावर आहे. खालच्या पट्ट्या भाऊंच्या, वरच्या सारिकाच्या. भाऊ आता चार पट्ट्या फिरतात. परवा तर एका ठिकाणी त्यांनी सारिकाला थांबवून तिची चूक दाखवली. राजा कोण, तो गेला कुठं, पहारेकरी कोणाची वाट बघतोय, हे मी अजून विचारतोच आहे.

मी काही फार दिवस टिकेन असं वाटत नाही. वरच्या तीन पट्ट्या बोलत नाहीत, घरघर वाढलीय. माझी एवढीच विनंती आहे. मी नवा असताना जसा होतो तसा मला करू नका, आणि माझ्या जागी नवा आणू नका. त्या डाव्या हाताला माझ्या पट्ट्यांची जागा पाठ झाली आहे, ती दुसरीकडं सापडायची नाही. तो हात चालतोय तोवर मला चालू द्या. पुढचं पुढं.

आज मंगळवारच आहे. सारिका वायर जोडतेय, भाऊ उशीला टेकून बसलेत. मला आता बोलणं आवरायला हवं. नंदाबाई पदराला हात पुसत अंगणात गेल्या आहेत. वाजवणं सुरू होण्याआधी त्या न चुकता जातात, कुंपणाशी उभ्या राहतात आणि चार घरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगतात,

"भागूमावशे, आमच्यात कोन गेलं न्हाई. सारिकाचं बाबा वाजवाया बसल्यात."